एल्वासपर्यंत

बालाजी गेला तेव्हा इस्लापूरच्या स्टेशनावर त्याला सोडायला आम्ही तिघं होतो. दादा, माय आणि मी. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. थंडीचे दिवस, कापूस वेचणीला आलेला, आणि दादा त्या दिवशीची वेचणी मोडून आले होते. आदिलाबादकडून गाडी आली. बालाजी डब्यात चढून खिडकीशी बसला, तेव्हा दादा गजाला धरून म्हणाले, "तिकडं ऊन लई असतंय म्हणतेत. डोक्याला बांधत जा." माझा हा धाकटा भाऊ कतारला चालला होता, एसी दुरुस्तीच्या कामाला. त्याच्याबरोबर आयटीआय केलेली दोन पोरं आधीच तिकडं पोचली होती. घरी खायला कमी नव्हतं, जमीनही चांगली होती, पण त्याला शेत नको होतं. गाडी हलली तशी माय खिडकीच्या बाजूनं चालत राहिली, फलाट संपून खडी लागेपर्यंत.

काही वर्षांनी मी त्याच फलाटावरून निघाले. नांदेडात नर्सिंग केलं, तिथल्याच एका दवाखान्यात नोकरी केली, जर्मन भाषेचा कोर्स केला आणि स्टुटगार्टच्या एका हॉस्पिटलात काम मिळालं. संतोष, माझा नवरा, लातूरकडचा, रेणापूरचा. तो माझ्या मागून आला आणि इथल्या कारखान्यात लागला. मला सोडायला दादा आणि माय दोघंच होते. दादा म्हणाले, "माणसानं जावं. पण परतीच्या गाडीचा टाइम बघून ठेवावा." मी हसले होते.

आणि माय माझ्या बाळंतपणासाठी निघाली, तेव्हा तिला सोडायला घरातलं कुणीच उरलं नव्हतं. तिची चुलत जाऊ स्टेशनापर्यंत आली, पिशव्या डब्यात चढवून दिल्या आणि घराची किल्ली आपल्या कनवटीला लावून परत गेली.

मधे काय झालं ते सांगते. आम्ही सगळे धरून चाललो होतो, की कतारचं काम संपलं की बालाजी परत येईल. तो आला नाही. कुणा एजंटाच्या मागं लागून युरोपात शिरला आणि पोर्तुगालच्या दक्षिणेला, समुद्राजवळच्या भागात, प्लास्टिकच्या लांबच लांब मांडवांखाली रासबेरी तोडायला लागला. ज्याला बापाचं शेत नको होतं तो दुसऱ्याच्या शेतात वाकून काम करत होता. नेपाळी आणि पंजाबी पोरांबरोबर पत्र्याच्या खोलीत राहायचा. तिथं राहण्याचं कार्ड मिळावं म्हणून त्यानं अर्ज केला होता. कार्ड येईपर्यंत त्याला तो देश सोडता येत नव्हता. सोडला तर परत शिरता आलं नसतं आणि तोवरची सगळी वर्षं पाण्यात गेली असती. इथं आलेल्या अनेकांचं आयुष्य असं एका कार्डाशी बांधलेलं असतं. गावाकडं हे समजावून सांगता येत नाही. मी खूप प्रयत्न केला.

अशातच दादा गेले. शेतातून आले, ओट्यावर टेकले आणि तिथंच कलंडले. नांदेडला नेईपर्यंत संपलं होतं. मी मिळेल त्या विमानानं निघाले आणि माझी वाट बघत त्यांना शीतपेटीत ठेवलं. बालाजी येऊ शकत नव्हता. अग्नी कुणी द्यायचा यावर अंगणात कुजबूज सुरू झाली. चुलत्याचा मुलगा पुढं झाला. तेव्हा माय बसल्या जागेवरून म्हणाली, "माझी लेक देईल." चुलत्याचा मुलगा मागं सरला. मी दिला.

स्मशानात बायका जात नाहीत, तरी माय आली होती. कुणीतरी मोबाइल उंच धरला होता, पलीकडं बालाजी होता. मायनं ते पाहिलं आणि म्हणाली, "बंद कर ते. बघायचं असंल तर यावं लागतंय." मोबाइल बंद झाला. त्या दिवसानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. तो दर रविवारी चुलतीच्या, म्हणजे मायच्या त्या चुलत जावेच्या, फोनवर फोन करायचा आणि चुलती फोन मायपुढं धरायची. माय हातातलं काम चालू ठेवायची. त्याचं नावही तिच्या तोंडून गेलं. घरात कधी विषय निघालाच, तर "तो" म्हणायची.

स्टुटगार्टला माय आली तेव्हा माझा नववा महिना सरत आला होता. येताना तिला सर्दी झाली होती आणि विमान खाली उतरताना तिचा उजवा कान इतका दुखला की ती विमानतळावर कान दाबूनच बाहेर आली. कानाचा पडदा फाटला होता. डॉक्टरनं सांगितलं, भरून येईल, पण वेळ लागेल, आणि तोवर विमान वर्ज्य. मायला त्याचं काही वाटलं नाही. तिला कुठं जायचं होतं? तीन महिन्यांचा व्हिसा होता, शेवटी परत जाताना कान बरा असला की झालं.

जुईचा जन्म झाला आणि आमचं छोटं घर मायनं ताब्यात घेतलं. तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, स्वयंपाकघराच्या खिडकीतून रेल्वेचे रूळ दिसतात. बाळाला मांडीवर घेऊन ती त्या खिडकीशी बसायची. जावयासमोर मोकळेपणानं बोलायचं नाही ही तिची जुनी रीत, त्यामुळं संतोष घरात असला की ती पदर सावरून गप्प असायची. तो कामावर गेला की बोलणं सुरू.

एक दिवस जुई झोपली होती आणि मी ओट्यापाशी भांडी पुसत होते. माय खिडकीतून म्हणाली, "ही पांढरी गाडी कुठवर जाती?"

"पॅरिसपर्यंत."

"अन् तिथून पुढं?"

"तिथून पुढं स्पेनला जाता येतं."

 मग बाळाच्या अंगावरचं दुपटं नीट करत, माझ्याकडं न बघता म्हणाली, "अन् त्याच्या गावाला?"

मी फडकं बाजूला ठेवलं. मी म्हटलं, "माय, फोन लावून देऊ का त्याला? आत्ता."

"फोन नको. फोनवर माझ्यानं त्याला माफ करणं व्हायचं न्हाई. समोर बघितल्यावर काय होतंय ते बघू."

संध्याकाळी मी संतोषला सांगितलं. तो अजून बूट काढत होता. "अगं, महिना-दीड महिन्याचं लेकरू घेऊन? कशाला एवढा कुटाणा करायलीस? कान बरा झाला की विमानानं दोन-तीन तासांचं काम आहे." मी म्हटलं, कान बरा होईपर्यंत व्हिसा संपतो. परत यायला पुन्हा व्हिसा, पुन्हा ते सगळं, आणि तोवर कुणाचं काय सांगावं. दादांच्या वेळी आपण असंच म्हणत होतो, पुढच्या वर्षी सगळे भेटू. तो बूट ठेवून आत गेला. जेवताना मात्र त्यानंच विचारलं, "मामींना बसवंल का एवढं?" सासूला तो मामी म्हणतो. दाराआडून मायचा आवाज आला, "बसवंल म्हणावं."

असा आमचा बेत सुरू झाला. नकाशावर स्टुटगार्टपासून बालाजीच्या शेतापर्यंत बोट फिरवायला क्षण लागतो. तिकिटं शोधायला बसले तेव्हा कळलं की इथं प्रत्येक देशाची रेल्वे वेगळी, प्रत्येकीचं तिकीट वेगळं, आणि एकीला दुसरीच्या गाड्यांची नीट माहिती नसते. आपल्याकडं इस्लापुरात एक तिकीट काढलं की माणूस देशाच्या दुसऱ्या टोकाला उतरतो. इथं स्टेशनाच्या खिडकीवरच्या बाईनं पॅरिसपर्यंतचं तिकीट लगेच दिलं असतं, बार्सेलोनापर्यंतचं खटपट करून दिलं असतं. लिस्बन म्हटल्यावर तिनं मान हलवली. माद्रिदहून लिस्बनला थेट गाडीच नाही, म्हणाली. विमानानं जा. मी तिला कानाचं सांगितलं. तिला वाईट वाटलं, पण तिच्या यंत्रात रस्ता नव्हता.

मग मी घरी शोधायला लागले. जुई दुपारी झोपली की मोबाइल घेऊन बसायची. रातोरात जाणारी गाडी नकोच, कारण बाळ आणि मायचे गुडघे दोन्हींना रात्री नीट आडवं व्हायला लागत होतं. दिवसा प्रवास, रात्री मुक्काम. गाडी बदलताना मध्ये भरपूर वेळ हवा, कारण बाबागाडी आहे आणि मायला जिने चालत नाहीत. पॅरिसला तर एका स्टेशनावर उतरून शहराच्या दुसऱ्या भागातल्या स्टेशनावर जावं लागतं, म्हणजे टॅक्सी आली. प्रत्येक मुक्कामाची खोली स्टेशनाजवळ हवी आणि त्या इमारतीला लिफ्ट हवी. मी इतकी वर्षं वॉर्डात पेशंट हलवले आहेत, पण आपली आई आणि आपलं बाळ हलवायचं म्हटलं की सगळं शिकलेलं कमी पडतं.

जुईचा पासपोर्टही काढायचा होता. फोटोत तिचे डोळे उघडे हवेत अशी अट, आणि ती कॅमेरा दिसला की झोपायची. माय तिच्यामागं पांढरी चादर धरून उभी राहायची आणि इस्लापूरच्या बायकांना माराव्यात तशा हाका मारायची. त्या दिवसांत आम्ही हसलो ते तेवढंच.

मला सगळ्यात अवघड गेलं ते बालाजीला सांगणं. मी फोन लावला तेव्हा तो जेवणाच्या सुट्टीत शेताच्या कडेला बसला होता, मागं वाऱ्यानं प्लास्टिक फडफडत होतं. मी सांगितल्यावर त्यानं डबा बाजूला सारला.

"ताई, मायला म्हणावं नको येऊ."

"कामून?"

"काय बघायला येऊन राहिली ती? ही खोली बघायला? दादाला खांदा द्यायला मी गेलो न्हाई, अन् तिनं इतक्या दूर माझ्या दारात यायचं? मला तोंड न्हाई, ताई."

"हे तू तिला सांग."

"ती बोलती का माझ्याशी?"

मी त्याला विचार कर म्हटलं. तो म्हणाला, बघतो. आणि फोन ठेवला.

शिवाय रस्त्याचा हिशोबही बसत नव्हता. पोर्तुगालात शिरल्यावर लिस्बन, तिथून दक्षिणेकडं आणखी गाड्या, पुढं बस. जाऊन येऊन इतके दिवस झाले असते की माय आणि जुई दोघींपैकी एक आजारी पडलीच असती. मी जवळजवळ नाद सोडला होता. रविवारी सकाळी संतोष माझ्या शेजारी येऊन बसला आणि नकाशावर स्पेन आणि पोर्तुगालच्या सीमेवर बोट ठेवून म्हणाला, "बालाजीला ही रेघ ओलांडता येत नाही. पण रेघेच्या आतल्या पहिल्या स्टेशनापर्यंत तर तो येऊ शकतो ना?"

त्या स्टेशनाचं नाव एल्वास. माद्रिदहून एक गाडी पश्चिमेला बदाखोस नावाच्या गावापर्यंत जाते, ते स्पेनचं शेवटचं मोठं स्टेशन. तिथून पोर्तुगालची छोटी डबागाडी सुटते, दिवसातून एखादीच. थोडी पुढं गेली की एल्वास. बालाजीसाठी बस बदलत बदलत दिवसभराचा पल्ला होता, पण देशाच्या आतला.

मी मायला सांगितलं. ती म्हणाली, "चालंल." त्यानंतर तिनं स्टेशनांची नावं पाठ केली. आमच्याकडं मुदखेड, भोकर, हिमायतनगर असं घोकतात तशी जुईला अंघोळ घालताना ती म्हणायची: पॅरिस, बार्सेलोना, माद्रिद, बदाखोस, एल्वास. मी विचारलं कशाला, तर म्हणाली, "चुकामूक झाली तर इचारायला नको?"

संतोषला रजा मिळाली नाही. स्टुटगार्टच्या स्टेशनावर त्यानं आम्हाला जागेवर बसवून दिलं, बाबागाडी घडी करून ठेवली, आणि गाडी सुटायच्या आधी मायच्या पाया पडला. माय त्या दिवशी पहिल्यांदा थेट त्याच्याशी बोलली, "घराकडं लक्ष ठेवा. दूध संपलंय."

त्या प्रवासाचं वर्णन करत बसत नाही. पॅरिसला टॅक्सीवाल्यानं बाळ बघून सावकाश गाडी चालवली. दक्षिणेकडं गाडीच्या एका बाजूला समुद्र आला तेव्हा माय उठून उभी राहिली आणि जुईला खिडकीशी धरलं. स्पेनमध्ये स्टेशनावर सामान मशीनमधून घालावं लागलं आणि मायच्या पिशवीतल्या ज्वारीच्या पिठावर तिथला माणूस बराच वेळ विचार करत राहिला. माद्रिदच्या पुढं झाडं विरळ झाली, माळ लागला, तपकिरी, उन्हात भाजलेला. माय इतके दिवस काही म्हणाली नव्हती. इथं म्हणाली, "आता आपल्यासारखं दिसायलं."

बदाखोसच्या मुक्कामी मी बालाजीला फोन लावला. बंद होता. आदल्या दिवसाचा एकच निरोप होता, "निघतो बहुतेक." सकाळी पुन्हा लावला, तरी बंद. मी मायला तसं सांगितलं. ती जुईला टोपी घालत होती.

"आपण तर जाऊ," ती म्हणाली. "तो न्हाई आला तर गाव बघून परत येऊ."

डबागाडीत मोजकी माणसं होती. एक उथळ नदी लागली, आणि कुठं थांबणं नाही, तपासणी नाही, गाडी दुसऱ्या देशात शिरली. ज्या रेघेपायी माझा भाऊ बापाला अग्नी द्यायला येऊ शकला नाही, ती मला डोळ्यांनी दिसलीही नाही.

एल्वासला आम्ही तिघीच उतरलो. भिंतींवर निळ्या चित्रांच्या फरश्या, कुलूप लावलेली खिडकी, एक बाक. गाडी निघून गेली. फलाटावर कुणीही नव्हतं.

गाव तिथून लांब, वर डोंगरावर, तटबंदीच्या आत. परतीची गाडी दुसऱ्या दिवशी. मी बाबागाडी सावलीला ओढली आणि फोन लावत राहिले. जुई भुकेनं रडायला लागली, तिला पाजायला बसले.  आपण या म्हाताऱ्या बाईला आणि या लेकराला कुठं आणून बसवलं, एवढंच डोक्यात फिरत होतं. माय बसली नाही. फलाटाच्या टोकाला, जिथून रस्ता दिसत होता, तिथं जाऊन उभी राहिली, डोळ्यांवर हात धरून.

बऱ्याच वेळानं रस्त्याच्या उतारावर एक माणूस दिसला. पाठीवर बॅग, हातात काहीतरी खोकं. मला तो ओळखू आला नाही. आमचा बालाजी सडपातळ होता, हा खांद्यांनी रुंद आणि जरा वाकलेला. मी म्हटलं, कुणीतरी इथला असेल.

"बाल्याच हाय," माय म्हणाली. "तुमच्या दादासारखा चालतूय."

किती वर्षांनी तिनं त्याचं नाव घेतलं होतं.

तो फलाटावर आला आणि आमच्यापासून चार पावलांवर थांबला. बस चुकली होती, फोनची बॅटरी संपली होती, गावातून चालत आला होता. हे सगळं त्यानं नंतर सांगितलं. तेव्हा तो नुसता उभा होता. कानांवरचे केस पांढरे झालेले, हाताच्या बोटांना रासबेरीच्या काट्यांचे ओरखडे.

माय म्हणाली, "उशीर केलास."

"हाव माय," तो म्हणाला. "लई उशीर झाला."

ते दोघंही त्या दिवसाच्या बसबद्दल बोलत नव्हते. तो पाया पडायला वाकला आणि उठलाच नाही, तिच्या पावलांवर डोकं ठेवून तसाच राहिला. मायनं त्याला उठवलं नाही. ती खाली बसली, फलाटावर, त्याच्या शेजारी, आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली. मी जुईला घेऊन दुसरीकडं तोंड केलं.

गावात एका बाईच्या घरी दोन खोल्या घेतल्या होत्या. अंगणात दगडी पायऱ्या होत्या, तिथं दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन आलं होतं. मायनं जुईच्या मालिशीचं खोबरेल घेतलं, बालाजीला खालच्या पायरीवर बसवलं आणि त्याच्या डोक्याला तेल लावायला लागली. "किती केस पिकले रे," म्हणाली.

तो खाली मान घालून म्हणाला, "दादा गेले तवा हे सगळे काढले होते."

तिचा हात थांबला.

"तुम्ही तिकडं स्मशानात होतात, मी इथं नेपाळी पोराला सांगितलं, माझं डोकं कर. त्यानं केलं. मग ओढ्यावर गेलो, पाण्यात बुडी मारली. तिथं दुसरं काय करतात मला ठाव नव्हतं. तेरा दिवस मीठ खाल्लं न्हाई."

"मला सांगितलं कामून न्हाईस?"

"तू फोन बंद करायला लावलास, माय."

अंगणात कोंबड्या होत्या, त्यांचाच आवाज. मी दारात उभी होते. मायच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते तिनं पुसलं नाही, कारण हात तेलाचे होते. थोड्या वेळानं ती पुन्हा तेल लावायला लागली, पहिल्यापेक्षा हळू. मग दादांचं शेवटचं सांगितलं. त्या दिवशी दादा कुठल्या बांधावरून आले, काय खाल्लं होतं, ओट्यावर टेकताना काय म्हणाले. मलाही त्यातलं बरंच माहीत नव्हतं. बालाजी एकेक गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होता आणि ती न कंटाळता पुन्हा सांगत होती. शेवटी तो माझ्याकडं बघून म्हणाला, "ताई, माझ्या वाटणीचं तू केलंस." मी म्हटलं, आपल्या दोघांचं केलं. दुसरं काय म्हणणार होते?

आम्ही तिथं आणखी एक दिवस राहिलो. त्यानं जुईला घेऊन तटावरून फिरवलं. आणलेल्या खोक्यातल्या रासबेऱ्या मायनं चाखल्या आणि आंबट म्हणून तोंड वाकडं केलं. तो मोठ्यानं हसला. तसा मी त्याला शाळेतल्या दिवसांत हसताना पाहिलं होतं.

निघायच्या दिवशी तो स्टेशनावर आला. गाडीत चढून फक्त पुढच्या स्टेशनापर्यंत सोडायला येणं त्याला शक्य नव्हतं. पुढचं स्टेशन दुसऱ्या देशात. माय आत आली आणि गाडी जाते त्याच्या उलट तोंडाच्या जागेवर बसली. मी म्हटलं, तुला गरगरेल. ती म्हणाली, "गरगरू दे." गाडी वळणावरून जाईपर्यंत तो फलाटावर दिसत होता.

मायचा कान भरून आला. व्हिसा संपायच्या आधी ती विमानानं गेली, नांदेडहून पुढं रेल्वेनं इस्लापूरला उतरली आणि चुलत जावेकडून किल्ली घेऊन घर उघडलं. जुई आता चालते. बालाजीचं कार्ड अजून आलेलं नाही. आज येईल, उद्या येईल म्हणता म्हणता आणखी एक हंगाम निघून गेला.

गावाकडच्या माझ्या लोकांनो, तुम्ही विचारता, तिकडं करमतं का. आणि माझ्यासारखे जे निघाले ते विचारतात, तू परत जाणार का. पूर्वी मी दोघांना वेगवेगळी उत्तरं द्यायचे. आता मला एवढंच कळतं की आमचं घर एका जागी राहिलेलं नाही. इस्लापूरला माय आहे, स्टुटगार्टला माझी चूल आहे, समुद्राकाठच्या पत्र्याच्या खोलीत माझा भाऊ आहे. यातलं एकही ठिकाण पुरं घर नाही. तिघं फोनवर एकत्र येतो तेवढा वेळ ते जुळतं आणि फोन ठेवला की पुन्हा विखुरतं. याचं दुःख आहे आणि ते राहणार. पण त्या तीन ठिकाणांमध्ये आता अबोला नाही.

रविवारी बालाजीचा फोन येतो. आता मायकडं स्वतःचा मोबाइल आहे, ती मलाही त्यात जोडून घेते. गेल्या रविवारी ती त्याला म्हणाली, "कवा येतूस?"

"कार्ड आलं की, माय."

"ये. न्हाईच जमलं तर मी येते. मला आता रस्ता ठाव हाय."